मोतीबिंदूच्या पलीकडले अंधत्व

भारत सरकारने १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. त्या काळी अंधत्व हा राष्ट्रीय नियोजनाचा विषय मानणारे देश अपवादानेच होते. तेव्हा या निर्णयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. २००६-०७ च्या पाहणीत देशातील अंधत्वाचे प्रमाण एक टक्का होते. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत ते ०.३६ टक्के आढळले. या घटीतला काही वाटा व्याख्या बदलल्याचा आहे. पूर्वी सहा मीटर अंतरावरून बोटे मोजता न येणारा माणूस ढोबळमानाने अंध गणला जाई. २०१७ साली हे अंतर तीन मीटर ठरवण्यात आले. सरकारी आकडे वाचताना ही मेख ध्यानात ठेवली पाहिजे. तरीही ती वजा जाता लाखो घरांत उजेड परतला, हे सत्य उरतेच.

हा उजेड मुख्यत: मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी आणला. देशात दरवर्षी अशा साठ लाखांच्या वर शस्त्रक्रिया होतात. पन्नाशीपुढच्या अंधांपैकी शंभरात सहासष्ट जण अजूनही मोतीबिंदूनेच अंध आहेत. म्हणजे हे काम संपलेले नाही आणि ते थांबवावे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न निराळाच आहे. मोतीबिंदूसाठी जी कार्यपद्धती घडली, तीच डोळ्यांच्या सर्व आजारांना पुरेशी आहे, असा समज शासनात, दानशूरांत आणि काही अंशी कार्यकर्त्यांतही रूढ झाला आहे. या समजाची किंमत अमरावती-अकोल्याच्या शेतशिवारातील माणसे डोळ्यांनी मोजत आहेत.

मोतीबिंदू हा सोशिक रोग आहे. तो वाट पाहतो. तीन वर्षे आंधळेपणात काढलेल्या म्हातारीलाही अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळू शकते. म्हणूनच वर्षातून एकदा शिबिर भरवणे, गावोगावचे वृद्ध गाडीत बसवून नेणे, भिंग बसवून परत आणणे आणि वर्षअखेर आकडा वर कळवणे, ही पद्धत तेथे चालून गेली. रोगच दयाळू असल्यामुळे व्यवस्थेची ढिलाई खपली. काचबिंदू, मधुमेहाने होणारी दृष्टिपटलाची हानी आणि बुबुळावरील जखम यांच्यापाशी असली दया नाही. त्यांत गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. तेथे औषधाइतकेच मोल वेळेला आहे, आणि वेळ ही गरिबाला सर्वांत महाग पडणारी वस्तू आहे.

बुबुळाच्या जखमेचेच उदाहरण घ्यावे. त्याच राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचे पहिले कारण मोतीबिंदू नव्हते. बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, पांढरा पडणे हे ते कारण होते. खेड्यात यालाच डोळ्यात फूल पडणे म्हणतात. पन्नाशीच्या आतील अंधांपैकी ३७.५ टक्क्यांचे अंधत्व या एका कारणाने आलेले होते. याचा अर्थ असा की, कमावत्या वयातील माणसाचा डोळा जातो तो बहुधा येथे.

वऱ्हाडात हा डोळा कोणाचा असतो, हे सांगायला पाहणीची गरज नाही. सोयाबीनची सोंगणी, मळणीयंत्रातून उडणारे कुटार, तुरीचे खुंट, वाळलेल्या पऱ्हाटीच्या टोकदार काड्या, ज्वारीच्या पात्याची धार, यांत वाकून काम करणाऱ्या मजूर स्त्रीपुरुषांचा तो डोळा आहे. काडी लागते, डोळा चुरचुरतो, पाणी येते. रोजी बुडू नये म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. कोणी जिभेने कचरा काढते, कोणी मध घालते, कोणी पाल्याचा रस पिळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. त्या थेंबांत स्टेरॉइड असले तर लाली उतरते, ठणका कमी होतो आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. परंतु काडीबरोबर आलेली बुरशी त्याच थेंबांच्या आश्रयाने फोफावते. शहरातील नेत्रतज्ज्ञापुढे तो डोळा येतो, तेव्हा पुष्कळदा बुबुळ वाचवण्याची वेळ टळून गेलेली असते.

हे टाळता येते काय? नेपाळातील भक्तपूर जिल्ह्याने याचे उत्तर दिले आहे. तेथे गावातल्याच आरोग्यसेवकांना शिकवून, बुबुळावर ओरखडा उठलेल्या माणसाच्या डोळ्यात क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस घालण्यात आले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या अहवालात ४४२ ओरखड्यांपैकी ९६ टक्के ओरखडे जंतुसंसर्गावाचून बरे झाल्याची नोंद आहे. त्याहून महत्त्वाची नोंद वेळेची आहे. इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत मलम मिळालेल्यांपैकी एकाच्याही बुबुळावर व्रण झाला नाही. चोवीस तासांनंतर आलेल्यांत मात्र चारांत एकाहून अधिकांना तो झाला. अंधत्व आणि दृष्टी यांमधले अंतर येथे एका दिवसाचे आणि एका स्वस्त नळीचे आहे.

वऱ्हाडातल्या गावागावांत आशा सेविका आहेत. त्यांच्या पेटीत ही नळी, निदानाची चकाकती हिरवी रंगपट्टी आणि आठवड्याचे प्रशिक्षण देण्यास कोणते महाविज्ञान आड येते? व्रण झालाच तर तो बुरशीचा की जिवाणूंचा, हे ठरवण्यासाठीही फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. व्रणाच्या कडेचा अंश काचपट्टीवर घेऊन, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की बुरशीचे धागे पुष्कळदा दिसतात. क्षयरोग्याची थुंकी तपासण्यासाठी सरकारी दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक आलेच आहेत. बुरशीवरचे नॅटामायसिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली आवश्यक औषधांच्या यादीत घातले. उणीव आहे ती डोळ्याची जखम ही तातडीची गोष्ट मानण्याची.

काचबिंदूची गोष्ट याहून फसवी आहे. त्याच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही. कडेची दृष्टी आधी जाते आणि समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते. धुऱ्यावरून चालताना पाय घसरू लागतात, बाजूने येणारी बैलगाडी दिसत नाही. माणूस म्हणतो, वय झाले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अंदाजाप्रमाणे देशात चाळिशीपुढचे सुमारे एक कोटी बारा लाख लोक काचबिंदूचे रोगी होते. त्यांतील बहुतेकांना आपल्याला हा रोग आहे हेच ठाऊक नव्हते. डोळ्यातला दाब मोजणे आणि दृष्टिचेतेचे टोक तपासणे, एवढ्याने तो हुडकता येतो. पुढे बहुधा जन्मभर रोज थेंब घालावे लागतात. एकदा येऊन निघून जाणारे शिबिर जन्मभराचे औषध कसे पुरवणार?

मधुमेहाचेही तसेच आहे. तो आता केवळ शहरातल्या सुखवस्तूंचा रोग राहिलेला नाही. मधुमेह्याची बाहुली थेंबांनी मोठी करून वर्षातून एकदा दृष्टिपटल पाहिले आणि वेळेवर लेसर किंवा इंजेक्शन दिले, तर पुष्कळांची दृष्टी टिकते. त्यासाठी वापरले जाणारे स्वस्त बेव्हॅसिझुमॅब २०१३ पासून जागतिक संघटनेच्या आवश्यक यादीत आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत तर मुदत महिन्याचीच असते. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे दृष्टिपटल तीस दिवसांच्या आत तपासले गेले नाही, तर कुपोषणाशी झगडून वाचवलेले मूल आयुष्यभराचे अंध होऊ शकते. मेळघाटच्या जिल्ह्यात या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

आता या गरजांपुढे वऱ्हाडातील व्यवस्था ठेवून पाहावी. अमरावतीत इर्विन आणि अकोल्यात सर्वोपचार ही रुग्णालये अनेक पिढ्यांना ठाऊक आहेत. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये मिळाले. विभागाचे मुख्य ठाणे असलेल्या अमरावतीला मात्र त्यासाठी २०२४ उजाडावे लागले. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. परंतु विमा उपचाराचे बिल देतो. निदान गावात आणून देत नाही. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि वाट घाटातून जाते. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरच्या गरिबांना मूर्तिजापूरला आणून सोडणारी शकुंतला रेल्वेही बंद पडली. डोळा तपासायला जाणे म्हणजे दोन माणसांचे भाडे आणि दोन माणसांची बुडालेली मजुरी. अठरा तासांचा हिशेब या नकाशावर मांडून पाहिला म्हणजे अंधत्व कोठे तयार होते, ते उमगते.

याच मेळघाटात धारणीजवळच्या उतावली येथे डॉ. आशीष सातव यांनी उभारलेल्या ‘महान’ संस्थेच्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव आदिवासींच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करीत आल्या आहेत. त्या कामाचे मर्म तेथे राहण्यात आहे. वऱ्हाडाला हा विचार नवा नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवन स्थापले, तेव्हा त्यांनी शिबिर भरवले नव्हते, वसाहत वसवली होती. कुष्ठरोगात पापण्या मिटेनाशा होतात, बुबुळ बधिर होते आणि जखम झालेली कळत नाही. असा डोळा रोजच्या निगराणीनेच वाचतो. मात्र एका दांपत्याच्या किंवा एका संस्थेच्या त्यागाकडे बोट दाखवून शासनाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. त्यागी माणसांनी वाट दाखवायची असते. रस्ता बांधणे सरकारचे काम आहे.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की, काहीच नसण्यापेक्षा शिबिर बरे. खरे आहे, पण शिबिर काचबिंदू हुडकत असेल तर पुढच्या महिन्यात थेंब देणारा, दाब पुन्हा मोजणारा माणूस तालुक्याला हवा. तो नसेल तर रोगी सापडला एवढीच बातमी उरते. दुसरा आक्षेप पैशाचा. येथे सुचवलेल्या गोष्टींत मलमाची नळी, दाब मोजण्याचे साधन, सूक्ष्मदर्शक आणि प्रशिक्षित माणूस यांखेरीज फारसे काही नाही. जन्मभर आंधळ्या झालेल्या एका मजुराचा भार त्याचे घर उचलते, म्हणून तो अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

न दिसणाऱ्या या भारात एक अन्याय आणखी आहे. शेतीतील अपघातात डोळा गेल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून अनुदान मिळते. पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या मजूर बाईचा डोळा त्याच शेतात, त्याच तुराटीने गेला, तर तो त्या योजनेत बसत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात आली आणि काहींची दृष्टी काही काळ गेली होती. शेतीकाम हे धोक्याचे काम आहे, हे त्या वर्षी तरी साऱ्यांना दिसले. कारखान्यात डोळ्याला इजा झाली तर ती कामावरची इजा ठरते. शिवारात झाली तर नशीब ठरते.

या नशिबाच्या भाषेशीच पहिला झगडा आहे. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज बाळपणीच दृष्टी गमावूनही १९१५ पर्यंतच्या अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचून गेले. वऱ्हाड त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो आणि तो आदर रास्तच आहे. पण एका असामान्य पुरुषाने अंधत्वावर मात केली, म्हणून हजारो सामान्यांच्या टाळता येण्याजोग्या अंधत्वाला समाधान मानता येत नाही.

कार्यकर्त्यांपुढे म्हणून कामे स्पष्ट आहेत. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याचे पद भरलेले आहे काय, डोळ्याचा दाब मोजला जातो काय, काचबिंदूचे थेंब महिनोन्महिने मिळतात काय, हे जाऊन पाहावे आणि लेखी विचारावे. आशा सेविकांच्या पेटीत डोळ्याचे मलम यावे, चिठ्ठीविना स्टेरॉइडचे थेंब विकले जाऊ नयेत, भूमिहीन मजुराचा डोळा नुकसानभरपाईस पात्र ठरावा, यासाठी जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत आवाज उठवावा. जिल्ह्याचा वार्षिक अहवाल शस्त्रक्रिया किती झाल्या ते सांगतो. कितींना काडी लागली, त्यांतले कितीजण अठरा तासांत पोचले आणि कितींचे डोळे वाचले, हा रकाना त्यात घालायला लावणे, हेही राजकीय काम आहे. सोंगणीचा हंगाम दरवर्षी येतो. निदान पुढचा येण्याआधी त्याची सुरुवात झाली पाहिजे.