कुलूप उघड, किल्ली गुप्त

पक्षाच्या शिबिरांतून अलीकडे एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘आपल्याकडे लपविण्यासारखे आहे तरी काय?’ बोलणाऱ्या साथींच्या सचोटीविषयी शंका नाही. परंतु हे वाक्य मुळात राज्यसत्तेच्या सोयीचे आहे, आणि ते आपल्या तोंडी यावे याचा खेद होतो. कामगाराने संघटनेची वर्गणी भरली हे मालकाला कळू नये, एवढे तरी लपविण्यासारखे आहेच. मध्यंतरी एका तालुक्यातील सभासदांची संपूर्ण यादी, पत्ते व दूरध्वनींसह, मला व्हॉट्सॲपवर न मागता आली. ती आणखी कोणाकोणाकडे गेली हे पाठविणाऱ्यालाही सांगता येईना.

‘कूटलेखन हा गणितज्ञांचा प्रांत’ ही दुसरी सबब. वस्तुतः या शास्त्राचे मूळ सूत्र माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या शिक्षकालाही एका दुपारी उमगले. ऑगस्त केर्कहोफ्स याने ते १८८३ साली मांडले : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. म्हणजे कुलपाची रचना चव्हाट्यावर मांडावी, वाटेल त्याने ती तपासावी, आणि तरीही कुलूप टिकावे. ‘आमची पद्धत गुप्त आहे, म्हणूनच सुरक्षित आहे’ असे सांगणारा, मग तो विक्रेता असो वा मंत्री, विश्वासास पात्र नव्हे.

किल्ली किती लांब असावी, हा प्रश्न मात्र निव्वळ गणिताचा नाही; तो राजकीय अर्थशास्त्राचा आहे. १९७७ साली अमेरिकी सरकारने ‘डेस’ ही प्रमाण पद्धत स्वीकारली. आयबीएमच्या पूर्वीच्या आराखड्यातील किल्ली १२८ बिटांची होती. प्रमाण पद्धतीत ती ५६ बिटांची झाली, आणि ती आखूड होण्यामागे नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या हेरसंस्थेचा आग्रह होता. एक बिट कमी केला की किल्ली शोधण्याचे श्रम निम्मे होतात. येथे तर बहात्तर बिट गेले! डिफी व हेलमन या संशोधकांनी त्याच वर्षी हिशेब मांडला की, दोन कोटी डॉलरच्या यंत्राने ही किल्ली एका दिवसात सापडेल. ही रक्कम नागरिकाच्या आवाक्याबाहेरची, सरकारला मात्र किरकोळ. पुढे १९९८ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्कांच्या संस्थेने अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात यंत्र बांधले आणि तीन दिवसांच्या आत किल्ली काढून दाखविली. सरकारसाठी मुद्दाम ठेवलेली फट सरकारपुरती राहत नाही, ती अशी.

आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याचे बंधन घातले. एकाचा माग काढावयाचा तर सर्वांच्या संदेशांची खूण जपून ठेवावी लागेल, हे उघड आहे. तरीही आपल्या पक्षातील किती जणांनी हे नियम वाचले?

कूटलेखन सर्वशक्तिमान आहे, असा माझा दावा नाही. ते मजकूर झाकते. कोण कोणाशी केव्हा बोलले हे झाकत नाही. फोनमध्येच हेर शिरला, तर ‘पेगासस’ प्रकरणात दिसले तसे, उत्तम कुलूपही निरुपयोगी. हे भेद कळण्यासाठीच शिकावयाचे. शिबिरात ‘जागतिक परिस्थिती’ला आपण तीन तास देतो, त्यातला एक तास इकडे द्यावा. प्रत्येक खात्याला वेगळा व लांब परवलीचा शब्द कसा ठेवावा येथून आरंभ व्हावा, आणि त्याआधी सभासदांची ती यादी ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये पडून आहे त्यांनी ती पुसून टाकावी.