घरातला मिस्त्री : फ्रीज टकटक करतो तेव्हा



बकरी ईद आठवड्यावर आली की माझा फोन जास्त वाजू लागतो. वर्षभर ज्यांना फ्रीजची आठवण येत नाही, त्यांना या दिवसांत त्याचा प्रत्येक आवाज ऐकू येतो. यंदा पहिला फोन आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचा आला. मी फज्रची नमाज पढून घरी येत होतो. म्हणाल्या, "बेटा, रात्रभर फ्रीज टक करतो, मग घूं करतो, मग पुन्हा टक. दूध फाटलं सगळं. काल एक मेकॅनिक बघून गेला. कॉम्प्रेसर गेला म्हणाला, साडेसहा हजार सांगितलेत. बदलू, की जुनं देऊन नवा घेऊ?"

खाला एकट्या राहतात, शिवणकामावर घर चालतं. फ्रीजच्या दारात त्यांचं इन्शुलिन असतं. कुर्बानीच्या एका हिश्श्यासाठी त्यांनी वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते आणि आता तेच फ्रीजला लागणार, ही खरी चिंता होती. मी म्हटलं, "खाला, आधी प्लग काढा. इन्शुलिन शेजारच्या भाभींच्या फ्रीजमध्ये ठेवा, पण खालच्या भागात, फ्रीझरमध्ये नको. गोठलेलं इन्शुलिन फेकूनच द्यावं लागतं. आणि पैसे कुणाला देऊ नका, मी असरनंतर येतो."

आता मी तिथे जाऊन काय केलं ते सांगतो, कारण त्यातला अर्धा भाग तुम्हाला घरी करता येतो.

पहिलं काम, आवाज नक्की कुठून येतो ते ऐकणं. हसू नका. टकटक फ्रीजची नसून स्टॅबिलायझरची निघाली, असं माझ्या कामात कितीतरी वेळा झालंय. व्होल्टेज वरखाली झालं की स्टॅबिलायझरच्या आतला स्विच जागा बदलतो आणि टक वाजतं. त्या वेळी फ्रीज चालूच असतो. म्हणून टक झालं की फ्रीजच्या अंगावर हात ठेवा. बारीक थरथर लागत असेल, आत गारवा असेल, तर फ्रीज ठीक आहे. तुमच्याकडची वीज नाचतेय, एवढंच.

खालांच्या फ्रीजला थरथर नव्हती. प्लग लावला की मागून टक, मग पाच-दहा सेकंद जड घूं, मग टक आणि शांतता. तीन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. हा आवाज ओळखून ठेवा. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि होत नाहीये, असा त्याचा अर्थ.

साध्या कॉम्प्रेसरच्या मोटारीला दोन वाइंडिंग असतात, एक चालू ठेवणारं आणि एक धक्का देऊन सुरू करून देणारं. धक्क्याचं वाइंडिंग क्षणभरच लागतं. तेवढ्यापुरता त्याला करंट द्यायचा आणि मग तोडायचा, हे काम बाजूला बसवलेला छोटा रिले करतो. रिले बिघडला की धक्का मिळत नाही. मोटार जागच्या जागी अडकून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते आणि तापते. तिथेच ओव्हरलोड नावाचं बटणाएवढं साधन असतं. ते तापून लाइन तोडतं. तेच दुसरं टक. थंड झालं की जोडतं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता या टक-घूं-टकची कारणं तीन. व्होल्टेज कमी असणं, रिले किंवा ओव्हरलोड जाणं, आणि कॉम्प्रेसर खरोखरच जाम होणं किंवा आतून जळणं. पहिलं फुकटात सुटतं, दुसरं काही शे रुपयांत, तिसरं हजारांत. मेकॅनिकने तिसऱ्यापासून सुरुवात केली, तर त्याला पहिल्या दोन्हींबद्दल विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

व्होल्टेज तुम्हीच बघा. स्टॅबिलायझरवर आकडा दिसतो. फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डावर लावला असेल तर थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. मिक्सर, इस्त्री, गीझर त्याच लाइनवर असतील तर ते बंद करून बघा. कोकणात पावसाळ्यात, गावच्या शेवटच्या खांबावरच्या घरांत, संध्याकाळी दिवा पिवळा पडतो तेव्हा फ्रीज बंद ठेवणंच शहाणपणाचं. आणि लाइट जाऊन लगेच परत आली तर फ्रीजला चार-पाच मिनिटं द्या. पाइपमधल्या गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. तोवर मोटारीला सुरू होणं जड जातं आणि ती टक करते. तो बिघाड नव्हे.

रिले मात्र मेकॅनिकलाच बघू द्या. मागच्या बाजूला उघडी लाइन असते, तिथे घरच्यांनी हात घालू नये. पण तो बघत असेल तेव्हा तुम्ही शेजारी उभं राहा. त्याने रिले काढला की कानाशी हलवून बघा. आतली चकती फुटली असेल तर काचेचे तुकडे असल्यासारखा खुळखुळ वाजतो. मग त्याला मीटर लावायला सांगा. साध्या कॉम्प्रेसरला तीन पिना असतात. दोन-दोन पिनांचे तीन आकडे येतात आणि त्यातला मोठा आकडा हा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. कुठलीही पिन आणि कॉम्प्रेसरचं लोखंडी अंग यांमध्ये मीटरने काहीच दाखवायला नको. हे जमलं तर वाइंडिंग शाबूत आहे आणि कॉम्प्रेसर गेला म्हणण्याची घाई आहे. इन्व्हर्टर फ्रीज असेल तर हे गणित लागू नाही. त्याचे तिन्ही आकडे सारखे येतात, आणि त्याला रिले नसून सर्किट बोर्ड असतो.

खालांचा रिले हलवला. खुळखुळला. मीटर लावला, बेरीज बरोबर आली. नवा रिले आणि ओव्हरलोड बसवला, प्लग लावला आणि फ्रीज पहिल्या झटक्यात सुरू झाला. बाजारातून आणलेल्या दोन वस्तूंचे पैसे तेवढे घेतले. आदल्या दिवशी आलेल्या मेकॅनिकची नियत मी काढणार नाही. घाईत मीटर न लावता कॉम्प्रेसर बदलणारे आमच्या धंद्यात आहेत, आणि त्यातले सगळे लबाड नसतात. काहींना खरंच कुणी शिकवलेलं नसतं.

चूक माझ्याही हातून झालीये. डबल डोअर, म्हणजे फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड एक पंखा असतो. एका घरात तो खर्रर्र वाजत होता, टेबल फॅनच्या पात्याला कागद लागावा तसा. मी पंख्याची मोटार बदलली, पैसे घेतले. आठ दिवसांत तोच आवाज परत. उघडून बघतो तर पात्याभोवती बर्फाचा थर. पहिल्या वेळीही बर्फच होता. मी तो काढून मोटार बदलली होती म्हणून आठ दिवस बरं वाटलं, एवढंच. बर्फ वितळवणारा हीटर जळालेला होता. मी मजुरी परत केली आणि जुनी मोटार त्यांच्या हातात दिली.

म्हणून खर्रर्र आलं की आधी फ्रीझरचं दार उघडा. बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडताच पंखा थांबतो. आवाजही थांबला, तर तो पंख्याचाच. मग सामान दुसरीकडे हलवा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा आणि रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस, तसंच राहू द्या. बर्फ आपोआप वितळेल. हेअर ड्रायर, उकळतं पाणी, मेणबत्ती, काही नको. सुरू केल्यावर आवाज गेला आणि पुन्हा आलाच नाही, तर दार कधीतरी अर्धवट उघडं राहिलं असेल. आठ-पंधरा दिवसांत परत आला, तर हीटर, त्याचा सेन्सर किंवा पाणी वाहून जाण्याचा मार्ग बघायला हवा. दाराचं रबर तुम्हीच तपासा. दारात कागद अडकवून ओढा, सहज सरकला तर तिथून दमट हवा आत जाते आणि तिचाच बर्फ होतो.

बाकीचे बरेच आवाज निर्दोष असतात. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर खळखळ वाजलं तर तो पाइपातून वाहणारा गॅस. मध्येच कडकन वाजलं तर थंडीने आकसलेलं प्लास्टिक. फ्रॉस्ट फ्रीमध्ये तव्यावर थेंब पडल्यासारखं चर्र झालं तर वितळलेलं पाणी हीटरवर पडतंय. इन्व्हर्टर फ्रीजचा सूर कधी उंच, कधी खाली होतो आणि तो बंदच होत नाही असं वाटतं, ती त्याची रीत आहे. थडथड येत असेल तर चारही पाय जमिनीला टेकलेत का ते बघा, वर ठेवलेली डबेबाटली उतरवा, मागे पाइप भिंतीला लागत नाही ना ते बघा. निम्म्या वेळा तिथेच मिटतं.

आता ईदच्या दिवसाचं. दुपारी कुर्बानी होते, संध्याकाळपर्यंत 15-20 किलो कोमट मटण मोठ्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये कोंबलं जातं आणि रात्री फोन येतो, "भाई, फ्रीज सारखा घूं-घूं करतोय, थांबतच नाही." थांबणार कसा? त्याच्या छातीवर एवढी उष्णता आणून ठेवली आहे. हा आवाज बिघाडाचा नाही, ओझ्याचा आहे. पण आत मटणाचं काय होतं ते बघा. मोठ्या गोळ्याची बाहेरची बाजू गोठते आणि मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. वास तिथून सुरू होतो.

फ्रीझर सकाळीच जास्त थंडवर करून ठेवा. मटणाचं पाणी निथळू द्या, पण उकाड्यात बाहेर फार वेळ ठेवू नका. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करा, हवा काढा आणि एकावर एक न रचता पसरून लावा. एक थर गोठला की दुसरा. तोवर उरलेलं खालच्या भागात सगळ्यात खाली, ताटात ठेवा, म्हणजे रक्ताचं पाणी दुसऱ्या अन्नावर पडणार नाही. फ्रॉस्ट फ्रीमध्ये हवा येते त्या जाळीसमोर चार बोटं जागा सोडा. जाळी बुजली की वर सगळं गोठतं आणि खाली भाजी नासते. एक मात्र सांगून टाकतो. नातेवाइकांचा आणि गरिबांचा वाटा ज्या घरातून त्याच दिवशी निघतो, त्या घरातून मला रात्रीचे फोन येत नाहीत.

आणि सुरीचं. सिंगल डोअर फ्रीजमध्ये बर्फाला चिकटलेली पिशवी सुटत नाही म्हणून सुरीचं टोक घालणारे दर वर्षी भेटतात. त्या फ्रीझरच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. टोक लागलं की स्स्स असा आवाज येतो आणि फ्रीज संपतो. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर 600 ए हा गॅस असतो. तो पेट घेणारा आहे, थोडाच असतो, पण स्वयंपाकघरात जळती शेगडी असते. असा आवाज आलाच तर शेगडी विझवा, कुठलंही बटण दाबू नका, प्लगही ओढू नका, दारंखिडक्या उघडा आणि मुलांना बाहेर न्या. नंतर येणाऱ्या मेकॅनिकला कॉम्प्रेसरवरचं गॅसचं नाव दाखवा. आत गॅस असताना त्याने नळीला ज्योत लावता कामा नये. आणि पिशवी सोडवायची तर फ्रीज बंद करून वाटीत कोमट पाणी ठेवा, पंधरा मिनिटं बसा.

सोलापूरहून एका भगिनीने विचारलंय, घर बदलताना फ्रीज टेम्पोत आडवा नेला, आता सुरू केल्यावर धाड आवाज येतो. कॉम्प्रेसरच्या आत मोटार स्प्रिंगांवर टांगलेली असते आणि आडवा नेताना स्प्रिंग जागेवरून सुटू शकतो. आडवा पडल्यावर आतलं तेलही पाइपात जातं, म्हणून तो उभा करून निदान रात्रभर बंद ठेवायला हवा होता. आता बंद करा, तसा वेळ द्या, मग सुरू करून बघा. सुरू होताना आणि बंद होताना एकेक हलका धक्का एवढंच असेल आणि गारवा येत असेल, तर चालवा. चालू असताना सतत लोखंड आपटत असेल तर चालवू नका. ते दुरुस्तीने सहसा सुटत नाही.

खालांचा फोन परवा पुन्हा आला. फ्रीज नीट आहे. हिश्श्याचे पैसे भरले, आणि जुना रिले त्यांनी शिवणाच्या डब्यात ठेवलाय, कुणी कॉम्प्रेसर गेला म्हणालं तर खुळखुळवून दाखवायला.