बोआची किंमत कोण मोजणार?

अमेरिकेत सरपटणाऱ्या प्राण्यांचे बाजार भरतात. तेथे प्लास्टिकच्या लहानशा डब्यात बोआ कन्स्ट्रिक्टरचे पिल्लू विक्रीस ठेवलेले असते. लांबी जेमतेम दीड फूट, विष नाही, स्वभाव बहुधा शांत आणि भाव विद्यार्थ्याच्याही आवाक्यातला. साप पाळू इच्छिणाऱ्यास याहून सोयीचा जीव कोणता, असे विक्रेता विचारतो आणि ग्राहकास ते पटते.

भाव अल्प असण्याचे कारण उघड आहे. बोआ अंडी घालीत नाही. मादी एका वेळी वीस-पंचवीस, प्रसंगी पन्नास पिल्लांना जन्म देते. पुरवठा इतका मुबलक असता भाव पडणारच. परंतु विकत घेण्याचा भाव आणि बाळगण्याचा खर्च या भिन्न गोष्टी होत. मादी सहा ते आठ फूट वाढते, काही वंशांत दहा फुटांपर्यंत जाते. तिला माणसाच्या उंचीची पेटी, बारमाही ऊब आणि आधी उंदीर, पुढे ससे असा आहार लागतो. तोही वीस-तीस वर्षे. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील एक बोआ १९७७ मध्ये मेला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. अठराव्या वर्षी साप घेणारा तरुण नोकरी, बिऱ्हाड, लग्न या साऱ्यांतून ती पेटी वाहून नेईल, असे गृहीत धरणे धाडसाचेच.

निवड करतानाही ग्राहक पुष्कळसा अंधारातच असतो. जुन्या मोटारींच्या बाजाराचा दाखला देऊन जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखविले की, दोष विक्रेत्यास ठाऊक व ग्राहकास अज्ञात असला म्हणजे वाईट माल चांगल्यास बाजारातून हुसकावून लावतो. बोआच्या बाबतीत तर विक्रेताही कित्येकदा अंधारात असतो. ‘इन्क्लूजन बॉडी डिसीज’ या जीवघेण्या रोगामागील विषाणू २०१२ मध्ये ओळखला गेला. बाधित बोआ दीर्घकाळ निरोगी दिसू शकतो. तपासणीचा दाखला मागणारे विरळा. रंग मात्र सारेच पाहतात. होंडुरासजवळील कायोस कोचिनोस बेटांवरचा फिकट गुलाबी बोआ या रंगापायीच १९८० च्या दशकात मोठ्या संख्येने पकडला गेला आणि आपल्या मूळ ठिकाणीच दुर्मीळ झाला. म्हणून साप घ्यावयाचाच तर बंदिवासात जन्मलेला, तपासलेला आणि मादीहून लहान राहणारा नर घ्यावा, हा जाणकारांचा सल्ला योग्यच आहे.

तथापि सल्ल्याने प्रश्न मिटत नाही, कारण चुकलेल्या निवडीची किंमत निवडणारा भरीत नाही. कॅरिबियन समुद्रातील अरूबा बेटावर मूळचा बोआ नाही. १९९९ मध्ये तो तेथे आढळला. बहुधा कोणाच्या तरी नकोशा झालेल्या पाळीव सापापासून ही वस्ती वाढली. आज तेथील पक्षी व सरडे त्याचे भक्ष्य आहेत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २००९ च्या अहवालात बोआची गणना अधिक धोक्याच्या जातींत केली होती. तरीही २०१५ मध्ये अजगर व अ‍ॅनाकोंडांच्या आणखी चार जातींवर आयातबंदी घालताना सरकारने बोआला वगळले. व्यापारी संघटनांचा विरोध पाहता हा निर्णय निव्वळ शास्त्रीय होता, असे मानणे कठीण आहे.

भारतात देशी अजगर वा मांडूळ घरी बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. विदेशी सापांबाबत मात्र तो दीर्घकाळ मुका होता. २०२० मध्ये केंद्राने अशा प्राण्यांची माहिती स्वेच्छेने देण्याचे आवाहन केले. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. २०२४ च्या नियमांनी ‘साइट्स’ करारातील प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली; जन्म, मृत्यू व हस्तांतर यांची खबरही द्यावी लागते. बोआ त्यात मोडतो.

नोंदणीने मालक कोण हे कळेल, पण मालकाचा उत्साह ओसरल्यावर सापाला पोसायचे कोणी, हे ठरत नाही. तो भार शेवटी प्राणिसंग्रहालयांवर, म्हणजे करदात्यांवर पडतो. नोंदणीच्या वेळीच मालकाकडून अनामत घेऊन ती अशा सापांच्या सांभाळासाठी राखून ठेवणे शासनास अवघड नाही. चार-पाच वर्षांच्या आहाराइतकी अनामत आधी मोजावी लागली, तर ते दीड फुटाचे पिल्लू उचलण्यापूर्वी ग्राहक निदान पेटीच्या लांबीची चौकशी करील.