काळवंडलेल्या चांदीचा चढा भाव

दिवाळीच्या आधी देवघरातील चांदी घासूनपुसून लख्ख करण्याची रीत मराठी घरांना नवी नाही. चांदीवरचा काळेपणा म्हणजे हेळसांडीची खूण, असाच आपला समज. दुर्मीळ नाण्यांच्या लिलावात मात्र हा हिशेब नेमका उलटा होतो. तेथे घासलेल्या नाण्याची किंमत घसरते आणि निळ्या, जांभळ्या, सोनेरी छटांनी रापलेल्या नाण्यासाठी चढाओढ लागते. संग्राहकांच्या भाषेत या रापण्याला ‘टोनिंग’ म्हणतात. अमेरिकेतील लिलावांत या रंगाचाच एक स्वतंत्र बाजार उभा राहिला आहे, आणि तो जितका देखणा तितकाच फसवाही आहे.

या बाजाराचे ठळक उदाहरण म्हणजे १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेलेला ‘मॉर्गन डॉलर’. १८८१ साली एकट्या सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने असे १ कोटी २७ लाख ६० हजार डॉलर पाडले. त्यातील चलनात न फिरलेली, उत्तम स्थितीतील नाणी आजही मुबलक मिळतात. तरीही त्यांपैकी एखाद्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटलेले असतील, तर ते त्याच दर्जाच्या पांढऱ्याशुभ्र नाण्याच्या कितीतरी पट भावाने विकले जाते. नाणे दुर्मीळ नसतेच; दुर्मीळ असतो तो रंग.

हा रंग आला कोठून? अमेरिकी सरकारला दरमहा चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक केले. लोकांना ती जड नाणी नको होती. त्यामुळे हजार-हजार डॉलर भरलेल्या कापडी थैल्या तिजोऱ्यांत दशकानुदशके पडून राहिल्या. कापडातील व हवेतील गंधकाचा चांदीशी संयोग होऊन नाण्यांवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढला. साबणाच्या फुग्यावर किंवा रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जसे रंग दिसतात, तसे ते या थरावर दिसू लागले. थैलीला टेकलेल्या बाजूवर कधी कापडाची वीणही उमटली, तर शेजारच्या नाण्याने झाकलेला भाग चंद्रकोरीसारखा कोरा राहिला.

या साठ्याशी भारताचाही संबंध आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांसाठी चांदी कमी पडू लागली, तेव्हा ब्रिटनला मदत म्हणून अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले. त्यातील बहुतांश चांदी भारताकडे आली. आपल्या आजीच्या पेटीतील पंचम जॉर्जच्या रुपयात एखाद्या मॉर्गन डॉलरचा अंश असणे अशक्य नाही. अमेरिकेत उरलेल्या थैल्या पुढे लोकांच्या हाती गेल्या आणि १९६४ मध्ये सरकारने मागेल त्याला डॉलर देणे थांबवले.

रंगाची ही आवड मात्र सनातन नाही. एकेकाळी संग्राहकांना चकचकीत नाणेच हवे असे. त्यापायी असंख्य नाणी रसायनात बुडवून ‘स्वच्छ’ करण्यात आली. अशा प्रत्येक बुडवणीत पृष्ठभागाचा सूक्ष्म थर जातो आणि टांकसाळीची मूळ झळाळी मंदावते. न धुतलेली नाणी कमी उरली, तसे त्यांचे मोल वाढले. खरोखर दुर्मीळ नाण्यावरील जुना राप तर त्याच्या अस्पर्शतेचा साक्षीदार ठरतो.

परंतु साक्षीदार विकतही घेता येतो. निसर्गाला जे साधायला वर्षे लागतात, ते उष्णता व रसायने वापरून काही तासांत घडवणारे कारागीर या बाजारात आहेत. खऱ्या थरात जाडी वाढेल तसे रंग क्रमाने येतात. सुरुवात पिवळसर सोनेरी छटेने होते, मग तांबूस-जांभळा, त्यानंतर निळा. बनावट रंगात हा क्रम अनेकदा मोडलेला असतो. जुन्या ओरखड्यात थबकण्याऐवजी रंग त्यावरून सरसकट वाहिलेला दिसतो. पण कसबी बनावट आणि अस्सल यांतील सीमारेषा तज्ज्ञांनाही प्रत्येक वेळी सांगता येत नाही.

म्हणूनच १९८६ मध्ये ‘पीसीजीएस’ आणि १९८७ मध्ये ‘एनजीसी’ या खासगी प्रमाणन संस्था आल्या. त्या नाणे तपासून ७० पर्यंतच्या श्रेणीत बसवतात आणि प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. रंग संशयास्पद वाटला, तर श्रेणी नाकारतात. याने बाजाराला शिस्त आली, हे मान्य करावे लागेल. तरीही प्रमाणपत्र हे शेवटी मतच असते. एकदा नाकारलेले नाणे दुसऱ्या खेपेस स्वीकारले गेल्याचे अनुभव संग्राहकांना आहेत. शिवाय पेटीवरची श्रेणी दर्जा सांगते. त्या रंगासाठी किती पट पैसे मोजावेत, हे ती सांगत नाही.

ते ठरते लिलावात, आणि तेथे दोन हट्टी बोलीदार पुरेसे असतात. पुढच्या वेळी त्यांतील एक जरी गैरहजर असला, तरी भाव कोसळू शकतो. कॅटलॉगमधील छायाचित्र प्रकाशाच्या अचूक कोनातून टिपलेले असते. तेच नाणे हातात घेतल्यावर अनेकदा करडे भासते. बोलीवर साधारण पाचव्या हिश्श्याइतके खरेदीदार शुल्क चढते, ते वेगळेच. प्रत्येक मॉर्गन डॉलरमध्ये सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी असते. २०२५ मध्ये चांदीने विक्रमी भाव गाठले, तेव्हा साध्या नाण्यालाही धातूचा आधार मिळाला. रंगापोटी मोजलेल्या जादा रकमेला असा कोणताही आधार नाही.

भारतातील संग्राहकांनी यातून घ्यायचा बोध साधा आहे. मुंबईच्या दमट हवेत, स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या रुपयावर चढते ते हिरवट चिकट किटण. त्याला टोनिंग म्हणत नाहीत. उलट, वाडवडिलांचा रापलेला रुपया विकण्यापूर्वी घासणे म्हणजे त्याचे मोल स्वतःच्या हाताने पुसून टाकणे. ज्याला रंग विकत घ्यायचा आहे, त्याने नाणे प्रत्यक्ष पाहावे, ते तिरपे करून झळाळी थराखाली जिवंत आहे का ते तपासावे आणि बोलीची मर्यादा घरूनच ठरवून जावे. कारण हा थर हे रसायनच आहे. सीलबंद पेटीतही त्याची वाटचाल पुरती थांबतेच असे नाही, आणि त्या वाटेच्या शेवटी सोनेरी वा निळा रंग नसून काळाच असतो.