रंगखात्यातला चित्रकार

वीसएक वर्षांपूर्वी नगर रस्त्यावर, कोरेगाव भीमाच्या परिसरातल्या एका बँक शाखेत मी अधिकारी होतो. सणसवाडीपर्यंतच्या पट्ट्यात कारखाने उभे राहिले होते आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार काढायला आलेल्या कामगारांची रांग पार दाराबाहेर जाई. त्या रांगेत एक गृहस्थ असत. रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मदतनीस. नखांच्या कडेला कुठला ना कुठला रंग कायमचा बसलेला.

एके दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर ते वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच-सहा पत्र्याच्या पट्ट्या घेऊन माझ्या टेबलाशी आले. नवा रंग तयार झाला की तो अशा पट्ट्यांवर लावून उन्हापावसात ठेवतात आणि किती विटतो ते तपासतात. भंगारात निघालेल्या पट्ट्या ते विचारून घरी नेत. त्यांच्या मुलीने उरल्यासुरल्या इनॅमलने त्यांवर काहीतरी केले होते. ना घर, ना डोंगर, ना माणूस. पट्टी तिरकी धरून रंग वाहू दिलेला, एक रंग अर्धवट वाळल्यावर त्यावर दुसरा सोडलेला.

"साहेब, पोरगी चित्रकलेच्या कॉलेजात जायचं म्हणती. कर्ज मिळंल का? आणि खरं सांगा, ह्यात तुम्हाला काय दिसतंय?"

मला काही दिसले नाही. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि जगरहाटीचा सल्ला दिला : "आधी बी.एस्सी. होऊ द्या. नोकरी लागेल. चित्रे काय, रविवारीही काढता येतात." त्यांना हायसे वाटले. मुलगी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली, कुठल्याशा कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली, एवढे त्यांनी पुढे अभिमानाने सांगितले. ती चित्रे काढते का, हे मी विचारले नाही.

त्या पट्ट्या मला पुन्हा आठवल्या त्या २०१९ साली. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. बरवे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. जन्म १९३६चा. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९५९ साली पदविका घेतली आणि १९९५ साली ते गेले. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचे पुस्तक अनेक वाचकांना ठाऊक असेल. त्यांच्या कॅनव्हासवरचा रंग पाहून मी थबकलो. पुष्कळ चित्रांत त्यांनी इनॅमल वापरले आहे. ज्या रंगाने आपण खिडक्यांचे गज आणि लोखंडी कपाटे रंगवतो, तोच.

बरव्यांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे सरकारी नोकरी केली, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. १९६१ साली ते बनारसच्या विणकर सेवा केंद्रात लागले आणि काही वर्षांनी मुंबईच्या केंद्रात आले. हातमाग टिकावा म्हणून १९५०च्या दशकात ही केंद्रे निघाली. त्यामागे पुपुल जयकर यांची दृष्टी होती. चित्रकारांनाच पगारी नोकरीवर घ्यायचे आणि त्यांना विणकर, ठसेकाम करणारे व रंगारी यांच्या शेजारी बसवायचे, अशी ती कल्पना. के. जी. सुब्रमण्यन तिथे होते. अकोल्याचे अंबादास तिथे होते. पुढे १९७२ साली ते ऑस्लोला गेले आणि २०१२ साली तिथेच वारले. संपूर्ण अमूर्त चित्रकार असेच त्यांचे नाव घेतले जाते. बरव्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, शंख अशा वस्तू भेटतात, पण त्या जागेवरून सुटून रंगाच्या मोकळ्या अवकाशात तरंगत असतात.

अशा केंद्रातले रंगखाते ही प्रयोगशाळाच. सुताचे वजन करायचे, त्याच्या किती टक्के रंग घ्यायचा ते ठरवायचे, पाण्याचे तापमान पाहायचे, वेळ मोजायची आणि सारे वहीत उतरवायचे. कागदावर काढलेला निळा सुतावर तसाच उतरत नाही. निळीचे तर आणखी नवल. कुंडीतून लड बाहेर काढली की ती पिवळट-हिरवी दिसते आणि हवा लागल्यावर डोळ्यांदेखत निळी होते. कारण नीळ पाण्यात विरघळत नाही. ती विरघळावी म्हणून कुंडीत तिचे रूप रसायनांनी बदलावे लागते, आणि हवेतला प्राणवायू तिला मूळ रूप परत देतो. पुढे मागावर ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला, तर डोळ्याला तिसराच रंग दिसतो. शेवटी कापड धुऊन आणि उन्हात ठेवून रंग पक्का की कच्चा ते ठरते. तिथे कुणाच्या आवडीनिवडीला विचारत नाहीत.

रोज हे पाहणारा चित्रकार रंगाला हुकूम सोडायचे थांबवतो, तो काय करतो ते आधी पाहतो. बरव्यांची चित्रे मला तशी वाटतात. इनॅमल पातळ असते, वाहते, आपोआप सपाट होते आणि ब्रशची खूण पुसून टाकते. दुसऱ्या कुणाला ही अडचण वाटली असती. बरव्यांनी त्या वाहण्यातूनच रेषा आणि कडा मिळवल्या. नोकरीतल्या रंगखात्याने त्यांना हे शिकवले, असे मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकणार नाही. पण ती वीस वर्षे हातांतून निघून गेली असतील, हे मला पटत नाही.

परदेशातले एक उदाहरण तर अगदी उघड आहे. स्टॅनली विल्यम हेटर हा इंग्रज रसायनशास्त्र आणि भूशास्त्र शिकलेला. १९२२ ते १९२५ तो इराणमधल्या अबादानला तेल कंपनीत होता. नंतर पॅरिसला जाऊन त्याने छापचित्रांची कार्यशाळा काढली. पुढे तीच 'आतलिए १७' म्हणून गाजली. १९५०च्या दशकात तिथे आपले कृष्णा रेड्डी आणि जे.जे.मध्ये शिकलेले कायको मोती होते. एकाच धातूच्या पत्र्यावरून एकाच दाबात अनेक रंग छापण्याची रीत तिथे घडली. शाईत जवसाचे तेल कमी-जास्त घालायचे. पातळ शाईवर घट्ट शाई धरत नाही. पत्र्यावर खोल-उथळ कोरायचे, मऊ रूळ खोलात पोचतो, कडक रूळ वरच फिरतो. तेलाचा घट्टपणा मोजणाऱ्या माणसांच्या संगतीत राहिलेल्या हेटरला ही वाट परकी वाटली नसणार.

नोकरी कलावंताला घडवतेच, असे मात्र मी म्हणणार नाही. टेबलामागे विझून गेलेली माणसे मी बँकेत पाहिली आहेत. विणकर केंद्रात जमले, कारण तिथे चित्रकाराला चित्रकार म्हणूनच घेतले होते आणि रंगाऱ्याचे टेबल त्याच्या शेजारी होते. आपल्या शाळांत मात्र चित्रकलेचा तास वेगळा, विज्ञानाचा वेगळा, आणि दहावी जवळ आली की पहिला तास गणिताला दिला जातो. निळीची कुंडी शाळेच्या प्रयोगशाळेत सहज मांडता येईल. कारखान्याच्या रंगप्रयोगशाळेत मुलांची एक सहल नेता येईल. याला फारसा खर्च नाही.

माझी चूक बी.एस्सी. सुचवण्यात नव्हती. मी 'रविवारी' म्हणालो, तिथे मी चुकलो. सहा दिवस केमिस्ट्रीचे आणि सातवा चित्राचा, अशी वाटणी मी करून दिली, आणि तीही कारखान्याच्या रंगातूनच चित्र काढणाऱ्या मुलीसाठी. ती आता चाळिशीला आली असेल. रोज कुठेतरी रंगाचे नमुने तपासत असेल. आपल्या टेबलावरच्या पट्टीकडे तिने पुन्हा एकदा, कामाच्या दिवशीच, तिरके धरून पाहावे, एवढेच मला तिला सांगायचे आहे. त्यात काय दिसते, असे या वेळी मी विचारणार नाही.