तेरा पुरुष आणि एक वाक्य

‘भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि हुकमत यांचं अजब मिश्रण.’

मैत्रिणींनो, हे वाक्य कुठल्या लग्नाच्या मांडवात किंवा जातपंचायतीत ऐकलेलं नाही. 23 सप्टेंबर 2024 रोजी फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका जाहीर केली, तेव्हा निवडीचं कारण सांगणाऱ्या निवेदनाची सुरुवातच या अर्थाच्या वाक्याने झाली. 29 चित्रपटांतून एक निवडणाऱ्या समितीत तेरा जण होते. तेराही पुरुष. निवड झाली किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’ची. त्याच वर्षी मे महिन्यात कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणारा पहिला भारतीय चित्रपट, पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’, मागे राहिला. प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो. म्हणजे त्या विभागात भारताकडून जाण्याची त्याची वाट तिथेच बंद झाली.

निकालाने मी निराश झाले हे खरं. पण त्या निराशेचं कारण नीट सांगायला हवं, नाहीतर आपण दोन बायकांना एकमेकींसमोर उभं करून टाळ्या पिटणाऱ्यांत जाऊन बसू. ‘लापता लेडीज’ आमच्या वस्तीतल्या बायकांनी एकत्र बसून पाहिला. घुंगटामुळे नवऱ्या बदलतात, तेव्हा त्या खो खो हसल्या. मारणाऱ्या, आयतं खाणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला घराबाहेर काढून स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजूमाई पाहून मात्र सगळ्या गप्प झाल्या. असा चित्रपट निवडला गेला म्हणून मी तक्रार करणार नाही. माझी तक्रार आहे तो निवडताना दिलेल्या कारणाबद्दल.

बाई आनंदाने गृहिणी होऊ इच्छिते, तशीच ती बंडही करू शकते, उद्योगधंद्याकडेही वळू शकते, असं ते निवेदन पुढे म्हणतं. या मांडणीत नवरा कुठे आहे? हुंडा कुठे आहे? चित्रपटातल्या जयाला शेतीचं शिक्षण घ्यायचं आहे आणि तिचं लग्न जबरदस्तीने लावलं जातं. हे सगळं वगळून बाईचा ‘स्वभाव’ तेवढा उरला. समुपदेशनाच्या खोलीत आम्ही हेच रोज ऐकतो. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईचा नवरा सांगतो, ‘ताई, हिचा स्वभावच विचित्र आहे, कधी गरीब गाय, कधी वाघीण.’ त्याच्या हाताबद्दल बोलायचं सोडून तिच्या स्वभावाबद्दल बोलायचं! तेरा शिकल्या-सवरल्या माणसांनी याहून वेगळं काय केलं?

मागे राहिलेल्या चित्रपटाबद्दल फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं, की भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत आहोत असं समितीला वाटलं. मैत्रिणींनो, काय आहे या चित्रपटात? मुंबईच्या एका रुग्णालयातल्या दोन मल्याळी नर्स. एकीचा नवरा जर्मनीला गेला तो गेलाच. दुसरीचं एका मुसलमान मुलावर प्रेम आहे, आणि त्या दोघांना या शहरात भेटायला जागा नाही. तिसरी पार्वती, रुग्णालयात स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची, गिरणी कामगाराची विधवा. वर्षानुवर्षं राहिलेल्या घरातून बिल्डर तिला बाहेर काढतो आहे, कारण घर तिचं असल्याचा एकही कागद तिच्याकडे नाही. शेवटी ती गावी परतते. मंजूमाई आणि पार्वती, दोन्ही भूमिका केल्या आहेत छाया कदम यांनी. एकाच बाईचा चेहरा एका चित्रपटात भारतीय ठरला आणि दुसऱ्यात युरोपीय!

माझ्या कामाच्या वस्तीत एक बाई आहे. पोळ्या लाटून तीन मुलं वाढवली. नवरा गेल्यावर खोलीचं वीजबिल दिराच्या नावावर झालं. पुनर्वसनाचा सर्व्हे करायला आलेल्या माणसाने तिला विचारलं, ‘पुरावा काय?’ ती म्हणाली, ‘बावीस वर्षं ह्या मोरीत भांडी घासली, हा पुरावा नाही का?’ ही बाई युरोपात राहते का? की तिच्याबद्दल काही सुचत नाही म्हणून तिला परकी ठरवायचं?

आपल्यापैकी काही जणी म्हणतील, पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न सोडून पुरस्कारांचं काय घेऊन बसलीस? प्रश्न योग्य आहे. पण कागदावर कुणाचं नाव चढतं आणि पडद्यावर कुणाची गोष्ट ‘आपली’ ठरते, हे दोन्ही निर्णय घेणारी टेबलं सारखीच असतात. टेबलाच्या एका बाजूला पुरुष, आणि बाई फक्त विषय म्हणून. समितीत एक बाई बसवली की न्याय होतो, असं मी मानत नाही. शोभेच्या बाया आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. पण निम्म्या बायका असत्या, तर ते पहिलं वाक्य वाचताना कुणीतरी ‘थांबा’ म्हटलंच असतं.

पुढे काय झालं? डिसेंबर 2024 मध्ये ऑस्करची पंधरा चित्रपटांची यादी आली, त्यात ‘लापता लेडीज’ नव्हता. त्या यादीत एक हिंदी चित्रपट होता, पण ब्रिटनने पाठवलेला: संध्या सुरी यांचा ‘संतोष’, नवऱ्याच्या जागी पोलिसात लागलेल्या विधवेची कथा. मार्च 2025 मध्ये आपल्या सेन्सॉर मंडळाने त्याच्या प्रदर्शनाची वाट अडवली. आणि 2 मार्च 2025 ला पुरस्कार मिळाला ब्राझीलच्या ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ला. लष्करी राजवटीने नवरा नाहीसा केल्यावर त्याच्या मृत्यूचा कागद मिळेपर्यंत लढणाऱ्या बाईची ती कथा आहे. आपला दुसरा चित्रपट गेला असता तर जिंकला असता, असं मी म्हणत नाही. कागदासाठी झगडणारी बाई कुणालाच परकी नसते, एवढंच म्हणते.

तेव्हा दोन गोष्टी करूया. निवड समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि त्यांत पडद्यामागे राबणाऱ्याही हव्यात, अशी मागणी प्रत्येक गटाने फेडरेशनला पत्राने कळवावी. आणि हे दोन्ही चित्रपट आपल्या बैठकांत लागोपाठ दाखवावेत. आमच्या पोळीवाल्या ताईंना मी पार्वतीची गोष्ट सांगितली. त्यांनी एकच विचारलं, ‘मग तिला खोली मिळाली का?’

तेरा जणांपैकी एकालाही हा प्रश्न पडला होता का?