‘तुमचा प्रवास सांगा’ला सुट्टी द्या!

आयटीतल्या कुठल्याही बड्या माणसाची मुलाखत उघडा. पहिला प्रश्न ठरलेला, ‘सर, तुमच्या प्रवासाविषयी सांगा.’ दुसरा, ‘यशाचं रहस्य काय?’ तिसरा, ‘तरुणांना काय संदेश द्याल?’ उत्तरंही पाठ झालेली. मेहनत करा, अपडेटेड राहा, अपयशाला घाबरू नका. फोटो झकास, ब्लेझर कडक, मागे काचेची बिल्डिंग. आणि वाचून संपल्यावर हातात काय? भोपळा!

तुम्ही म्हणाल, हा पत्रकारांचा प्रॉब्लेम, आम्हाला काय त्याचं? थांबा जरा. माइक आता पत्रकारांपुरता राहिलेला नाही. ऑफिसच्या टाउनहॉलमध्ये सीटीओंना प्रश्न विचारायचं काम एचआर तुमच्याच गळ्यात मारते. तुमचा रूममेट पॉडकास्ट सुरू करतो. कॉलेजचा ग्रुप ‘तज्ज्ञांशी गप्पा’ ठेवतो. आणि दिवाळीला गावी गेलात की शाळेतल्या सरांचा फोन येतो, ‘अरे, तू कम्प्युटरवाला ना? ये, पोरांशी दोन शब्द बोल.’ म्हणजे कधी तुम्ही विचारणारे, कधी सांगणारे. सुटका नाही!

माझं गाव मुरुड. लगेच समुद्र आणि जंजिरा डोळ्यांपुढे आणू नका. आमचं मुरुड लातूरचं, सोयाबीन आणि उसाच्या पट्ट्यातलं. पुण्याच्या आयटी पार्कांमध्ये लातूर-नांदेडकडची पोरंपोरी हव्या तेवढ्या सापडतील. पण त्यांच्या मागे गावात राहिलेल्या धाकट्यांना ही दुनिया दिसते ती बहुतेक अशा मुलाखतींमधूनच. ‘लातूर पॅटर्न’च्या कृपेने बारावीला मार्क कसे काढायचे, हे सांगणारे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्या मार्कांवर कुठली ब्रांच घ्यायची, त्यासाठी काढलेलं लाखांचं कर्ज फिटेल का, हे सांगणारं माणूस मात्र घरात नसतं. तिथे मुलाखतीतलं एखादं टाळ्याखाऊ वाक्य सल्ला म्हणून घेतलं जातं आणि त्या भरवशावर बँकेच्या फॉर्मवर सही होते.

म्हणून मी प्रत्येक मुलाखतीला एक टेस्ट लावते. नाव ठेवलंय ‘मुरुड टेस्ट’. हे उत्तर ऐकून मुरुडमधला बारावीचा पोरगा, बाजारातला दुकानदार किंवा शेतकरी उद्या काही वेगळं करू शकेल का? करू शकेल, तर ती मुलाखत. नाहीतर तो नुसता बाइट. ही टेस्ट पास व्हायला चार प्रश्न हमखास कामाला येतात.

१. कोणता रस्ता सोडून दिलात?

भारताच्या ‘परम’ सुपरकम्प्युटरची गोष्ट आपण किती वेळा ऐकली आहे! १९८०च्या दशकात हव्या त्या ताकदीचा क्रे सुपरकम्प्युटर द्यायला अमेरिका राजी नव्हती. मग १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, डॉ. विजय भटकरांनी नेतृत्व केलं आणि १९९१मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. ऊर भरून येतो, टाळ्या पडतात, मुलाखत संपते.

पण खरी मजा पुढे आहे. ‘परम’मध्ये इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप्स होत्या. मग आपण केलं काय? तर एकच राक्षसी प्रोसेसर बनवायचा रस्ता सोडला आणि बाजारात मिळणाऱ्या छोट्या चिप्स एकमेकींना जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घेतलं. पुण्यात झालं ते हे जोडण्याचं आणि त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. त्या काळी या रस्त्याची टिंगलही व्हायची. शेत नांगरायला दोन दमदार बैल बरे की हजारभर कोंबड्या, असा टोमणा खुद्द सेमूर क्रे यांच्या नावावर सांगितला जातो. आमच्याकडे पोळ्याला बैल सजवणाऱ्या माणसालाही हा मुद्दा एका मिनिटात कळेल!

आता प्रश्न सुचतात बघा. कोंबड्यांना काम वाटून कोण देणार? वाटताच येत नाही अशा कामाचं काय? जुने प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागले का? ही उत्तरं नुसती इतिहासाची नाहीत. आजचं एआय हजारो चिप्स एकत्र राबवूनच शिकवलं जातं. ‘अमेरिकेला कसं वाटलं असेल?’ हा प्रश्न छाती फुगवतो. ‘दुसरा कोणता पर्याय टेबलावर होता आणि तो का सोडला?’ हा प्रश्न डोकं उघडतो. तज्ज्ञाचं तज्ज्ञपण त्याच्या निर्णयात असतं आणि निर्णय कळतो तो सोडून दिलेल्या पर्यायावरून.

२. शेजारच्या खुर्चीत कोण होतं?

दुसरी लाडकी गोष्ट ‘क्विक हील’ची. कैलाश काटकर, दहावीनंतर शिक्षण सुटलं, पुण्यात कॅल्क्युलेटर रिपेअरिंगचं काम आणि पुढे देशभर पोचलेलं अँटिव्हायरस. २०१६मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. हेडलाइन तयारच, ‘दहावी पास तरुणाची कोटींची भरारी’.

हेडलाइन खोटी नाही, पण अर्धी आहे. अँटिव्हायरसचा प्रोग्रॅम लिहिला तो धाकट्या भावाने, संजय काटकर यांनी. ते तेव्हा कम्प्युटर सायन्स शिकत होते. म्हणजे एका भावाकडे गिऱ्हाइकाची नस आणि दुरुस्तीचा हात, दुसऱ्याकडे शास्त्र. दोन्ही एका घरात आले म्हणून गाडी धावली. आता नुसती हेडलाइन वाचणारा मुरुडचा पोरगा काय शिकेल? ‘शिकून काय उपयोग?’ आणि पूर्ण गोष्ट वाचणारा? ‘मला जे येत नाही, ते येणारा जोडीदार शोधू.’ एकाच गोष्टीतून दोन उलटे धडे. फरक एका प्रश्नाचा.

म्हणून समोरचा माणूस ‘आम्ही केलं’ म्हणाला की प्रेमाने विचारायचं, ‘आम्ही म्हणजे कोण कोण?’ आणि ‘मी केलं’ म्हणाला, तर आणखी प्रेमाने, ‘तेव्हा शेजारच्या खुर्चीत कोण होतं? घरभाडं कोण भरत होतं?’ घरभाड्याचा प्रश्न ऐकून लोक हसतात, पण उत्तर द्यायला लागले की मुलाखतीचा रंगच बदलतो. दोन वर्षं पगाराविना स्टार्टअप चालवणं कोणाला परवडतं आणि कोणाला नाही, हे त्याच उत्तरात असतं.

३. बिघडलं तर काय?

एनपीसीआयने २०१६मध्ये यूपीआय आणलं. त्यावर बोलणारे तज्ज्ञ कमी नाहीत. व्यवहारांचे प्रचंड आकडे, डिजिटल क्रांती, जगाने घेतलेली दखल, सगळं खरं. पण आमच्या बाजारात क्यूआर कोड लावून बसलेल्या भाजीवालीचा प्रश्न एकच असतो, ‘गिऱ्हाइकाचे पैसे कटले, मला आले नाहीत. मग गेले कुठे?’

हाच प्रश्न तज्ज्ञाला विचारा आणि बघा कशी सगळी यंत्रणा उलगडते. पैसे देणाऱ्याची बँक खात्यातून रक्कम वजा करते. निरोप एनपीसीआयच्या मधल्या यंत्रणेतून घेणाऱ्याच्या बँकेकडे जातो. ती बँक रक्कम जमा करते आणि ‘झालं’ म्हणून उलट कळवते. यातला एखादा निरोप वाटेत अडकला की दोघांचेही चेहरे पडतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९मध्येच याची मुदत ठरवून दिली. माणसाने माणसाला पाठवलेले पैसे वजा झाले पण जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री त्याच्याकडे पोचली नाही, तर ही मुदत पाच दिवसांची. त्याहून उशीर झाला, तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

किती जणांना माहीत होतं हे? आता सांगा, ‘डिजिटल क्रांतीबद्दल काय वाटतं?’ या प्रश्नातून हे बाहेर आलं असतं का? यंत्र चालू असताना सगळे तज्ज्ञ सारखेच बोलतात. यंत्र बंद पडलं की जाणकार कोण ते कळतं. तेव्हा नेहमी विचारा, हे कसं बिघडतं, बिघडलेलं आधी कोणाला कळतं आणि नुकसान कोणाच्या खिशातून जातं?

४. कशाच्या तुलनेत?

सध्याचा हॉट टॉपिक अर्थातच एआय. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टची मदत घेऊन उसासाठी एआय वापरायचा प्रयोग केला. उपग्रहाची चित्रं, मातीतले सेन्सर, हवामानाची माहिती आणि त्यावरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला. २०२५मध्ये सत्या नडेलांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. बातम्यांचा सूर एकच, पाणी कमी, ऊस जास्त.

लातूरच्या माणसाला हे वाक्य भलतंच जवळचं वाटतं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेला हा जिल्हा. ती पाण्याची गाडी आमच्या मुरुडवरूनच लातूरला जायची. त्यामुळे ‘पाणी वाचतं’ म्हटल्यावर आम्ही कान टवकारणारच. पण टाळी वाजवण्याआधी एक प्रश्न हवा, वाचतं ते कशाच्या तुलनेत? पाटाने मोकळं पाणी सोडणाऱ्या शेताशी तुलना केली, तर नुसत्या ठिबकनेही भरपूर पाणी वाचतं. मग त्यातला एआयचा वाटा किती? आधीपासून ठिबक असलेल्या शेजारच्या शेताशी तुलना केली होती का? किती हंगाम, किती शेतं? प्रयोगाचे पैसे संपल्यावर एकरी खर्च कोण करणार?

यात तज्ज्ञाला अडचणीत पकडायचा डाव नाही. उलट काम खरंच चांगलं असेल, तर त्याला ते दाखवायची संधी याच प्रश्नाने मिळते. ज्याने तुलना केलेली असते, तो खुर्चीत पुढे सरकून बोलायला लागतो. नसेल केलेली, तर ‘पोटेन्शियल खूप आहे’ हे वाक्य येतं. दोन्ही उत्तरं आपल्या कामाची!

थोडक्यात, हे कराच

होमवर्क : जे गुगलवर आहे, ते विचारून वेळ घालवू नका. कंपनी शेअर बाजारात असेल, तर तिचा वार्षिक अहवाल सगळ्यांना खुला असतो. आयपीओच्या वेळच्या माहितीपत्रकात ‘जोखीम’ नावाचा लांबलचक भाग असतो. आपल्या धंद्यात काय काय चुकू शकतं, हे कंपनीने स्वतः लिहिलेलं असतं. तयार प्रश्नसंचच म्हणा ना!

जड शब्द : ‘स्केलेबल एंड-टू-एंड सोल्युशन’ असं काही कानावर आलं की मान डोलवू नका. ‘गेल्या आठवड्यातलं एखादं उदाहरण सांगा ना’ म्हणा. उदाहरण सापडलं की अर्थ आपोआप सापडतो.

पीआरची ताई किंवा दादा : ते शेजारी बसणारच. कंपनीची गुपितं काढायच्या भानगडीत पडू नका. बंद केलेल्या जुन्या प्रॉडक्टबद्दल विचारा. त्यावर लोक मोकळे बोलतात आणि शिकायलाही तिथेच जास्त मिळतं.

गप्प बसा : उत्तर संपल्यासारखं वाटलं की तीन सेकंद थांबा. पाठ केलेलं उत्तर तोवर संपलेलं असतं. त्यानंतर येतं ते खरं.

छापण्याआधी : आकडे आणि तांत्रिक तपशील समोरच्याकडून तपासून घ्या. मतं मात्र त्याच्याकडून ‘गोड’ करून घेऊ नका.

आणि खुर्चीत तुम्ही असाल तर?

येत्या दिवाळीत शाळेतल्या सरांचा फोन आलाच, तर ‘स्वप्नं मोठी बघा’वर भागवू नका. किती इंटरव्ह्यूंमध्ये नापास झालात, बेंचवर किती महिने काढले, इंग्रजीतल्या पहिल्या क्लायंट कॉलला काय झालं, कॉलेजात शिकलेलं काय कामाला आलं आणि काय नाही, ते सांगा. तुमच्यासाठी हे साधं आहे. समोर बसलेल्यांसाठी तो नकाशा आहे.

मागच्या बाकावरून एक पोरगं हमखास विचारेल, ‘दादा, तुमचं पॅकेज किती?’ सगळा वर्ग हसेल, सर डोळे वटारतील. तुम्ही हसण्यावारी नेऊ नका. एआयपासून सुपरकम्प्युटरपर्यंत कुठल्याही तज्ज्ञाला विचारावा असा, नेमका आणि कामाचा प्रश्न त्याने विचारलाय. त्याला सांगा, हातात किती येतात, पुण्यात खोलीचं भाडं किती जातं, कर्जाचा हप्ता किती आणि नोकरी गेली तर तो किती महिने भरता येईल. त्याच्या घरी येत्या जूनमध्ये याच हिशोबावर सही होणार आहे.